भवानी होऊ दे

गुप्तेकाकूंच्या तेराव्याला, जेवणं आटोपल्यावर, त्यांची लेक स्मिता कितीतरी वर्षांनी आतल्या खोलीत पाऊल टाकून, कपाट उघडून बराच वेळ नुसती उभी होती. मी शेजारची. पानं उचलून झाली म्हणून सांगायला आत गेले, तर तिने मागे न वळताच विचारलं, "मंगलमावशी, ती डाळिंबी साडी कुठे गेली? माझ्या बस्त्यातली?"

"परत दिली," मी म्हटलं.

"कुणी?"

"काकूंनीच. दुकानात जाऊन."

तेव्हा कुठे ती वळली. "आईने? विकत घेतलेली वस्तू? दुकानात जाऊन परत दिली? शक्यच नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या इमारतीत कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. तिला त्या दिवशी मी नीट काही सांगू शकले नाही. घरात माणसं होती, आणि खरं म्हणजे मला बोलताच येईना. आता बोलता येतंय, तर काकूंबद्दल पहिल्यापासून सांगते.

बदलापूरला शिरगावात आम्ही राहायला आलो तेव्हा इमारत नवी कोरी होती, जिन्यात रंगाचे डबे पडलेले होते. पहिल्याच दिवशी दारात एक ठेंगणीशी, गोरी, घाईघाईने बोलणारी बाई उभी. हातात चहाचं गाळणं. "नवीन घरात सगळं सापडतं, गाळणं सापडत नाही," म्हणाल्या आणि ते माझ्या हातात कोंबून निघून गेल्या. मला फार कौतुक वाटलं. पुढे कळलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही तस्संच गाळणं मिळालंय, आणि तळमजल्यावरच्यांनाही.

त्याचं असं झालं होतं. काकूंना स्टेशनजवळ एका शिंप्याचा पत्ता हवा होता. तो विचारायला त्या भांड्यांच्या दुकानात शिरल्या. दुकानदार बसलेला होता तो उठला. "उठला गं तो!" काकू मला सांगताना अजूनही कासावीस झाल्या होत्या. "आता उठलेल्या माणसाला नुसता पत्ता कसा विचारायचा?" म्हणून गाळणं घेतलं आणि मग पत्ता विचारला. तिथे शिंपी काही सापडला नाही. पुन्हा विचारायला गेल्या, तो पुन्हा उठला. शिंपी सापडेपर्यंत इमारतीतल्या बहुतेकांचा चहा काकूंच्या गाळण्यातून गाळला जाऊ लागला होता.

असा त्यांचा स्वभाव. दुकानात पाय टाकला की काहीतरी घेतल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नसे. पैशाचा तोरा म्हणावा तर तसंही नाही. काका अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते, पण ते लवकर गेले आणि मागे काकू आणि कॉलेजात जाणारी स्मिता अशा दोघीच राहिल्या. हात राखूनच चाललेलं घर. पण समोरच्या माणसाने आपल्यासाठी कष्ट घेतले, फळीवरून काही काढलं, घडी मोडली, झाकण उघडलं, की ते कष्ट फुकट घालवणं त्यांच्या जिवावर येई. कोळणीने पापलेटाचा कल्ला उघडून दाखवला की पापलेट घरी आलंच.

मी पडले अगदी उलट. मला दुकान म्हणजे फुकटातलं प्रदर्शन. ढीगभर ड्रेस काढायला लावावेत, आरशासमोर उभं राहावं, आणि "नुसतं बघतेय हो" म्हणून खुशाल चालू पडावं. काकू माझ्याबरोबर आल्या की मी हे म्हणायच्या आत दुकानाबाहेर पळायच्या आणि पाठ करून उभ्या राहायच्या. "तुझ्यासारखी गेंड्याची कातडी देवाने मला दिली नाही गं बाई," असं म्हणायच्या. म्हणताना हसायच्या, पण कान लाल झालेले असायचे.

सकाळची वेळ तर आणखी अवघड. उल्हासनगरला कॅम्पातल्या कापडबाजारात आम्ही कधीमधी जायचो, तर काकू दुकानासमोरच्या उसाच्या रसवाल्यापाशी थांबून राहायच्या. "भवानी होऊ दे," म्हणायच्या. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, तिकडचे शेठ तिला बोहनी म्हणतात. पहिलंच गिऱ्हाईक काही न घेता गेलं तर दुकानदाराचा दिवस वाईट जातो, असं काकूंच्या मनाने घेतलेलं. आपल्याला पसंत पडेल की नाही कुणास ठाऊक, उगाच कुणाच्या दिवसाला नाट कशाला? म्हणून दुसरं कुणी पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसलं की मगच त्या पायरी चढायच्या. आणि चढल्यावर घ्यायच्या ते घ्यायच्याच. मग इतका वेळ उन्हात कशासाठी उभं राहिलो, हे मी विचारायचं सोडून दिलं होतं.

लोक फसवत असतील असं कुणालाही वाटेल. काही फसवायचेही. पण चामटोलीहून भाजी घेऊन येणारी हिराबाई आमच्या फाटकाशी बसायची, ती काकूंना लांबून बघितलं की पाटीवर फडकं टाकायची. "काकू, तुमी आज बगू नका. माल नाय चांगला. बगितलात तर घ्याल." काकू मान फिरवून, भिंतीच्या कडेकडेने जायच्या. एक विकणारी आणि एक घेणारी, दोघी एकमेकींना वाचवतायत, असा सौदा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

स्मिताचं लग्न ठरलं तेव्हा बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं सगळं कापड एकदम घ्यायला, आम्ही कॅम्पातल्या लच्छूशेठच्या दुकानात गेलो. शेठ सिंधी, पोट सुटलेला, गादीवर मांडी घालून बसायचा आणि मराठी-हिंदीची मिसळ करून बोलायचा. मुलाची आई बरोबर होती. त्या बाईंना काही म्हणता काही पसंत पडेना. "अजून दाखवा," "आणखी वरचं काढा," चाललं होतं. साड्यांचा नुसता ढीग झाला. आणि काकू काय करतायत? तर गादीच्या कडेला बसून, विहीणबाईंनी टाकलेली एकेक साडी उचलून घडी घालतायत.

"भाभी, आप रहने दो ना, हमारा आदमी करेगा," शेठ म्हणाला.

"असू दे हो. आम्हीच पसारा केलाय."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला ते आवडलं नाही, पण लग्नघरात गप्प बसतात तशी मी बसले.

डाळिंबी शालू स्मिताने स्वतः निवडला. मोठी अबोल मुलगी, उगाच लाजणारी-बिजणारी नव्हे. पण पदर खांद्यावर टाकून आरशात बघितलं आणि ती एकदम लहान मुलीसारखी हसली. काकूंच्या हातातली घडी अर्धवट राहिली. लच्छूशेठ म्हणाला, "बस. अब दुसरा मत देखो भाभी. ये साडी बेटी के लिएच बनी है."

तारीख जवळ आली आणि मुलाने नाही म्हणून सांगितलं. मन दुसरीकडे होतं म्हणे. हे मन त्याला बस्त्याच्या आधी सापडलं नाही. त्याच्या आईने फोनवर "आमचाही नाइलाज आहे" असं काहीसं म्हणून फोन ठेवला. काकूंनी इकडून एक वाईट शब्द बोलू नये? नाही बोलल्या. "बरं, ठीक आहे" म्हणाल्या. मी तिथे असते तर त्या बाईंच्या सात पिढ्यांची खबर घेतली असती.

ठरलेली तारीख आली आणि गेली. त्यानंतर एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा स्मिता आतून बाहेर आली. शांतपणे म्हणाली, "आई, त्यांनी मला बघितलं, पसंत केलं आणि परत ठेवलं. माणूस परत ठेवता येतो, तर साड्या का नाही येणार? उद्या जा आणि सगळं परत देऊन ये. मला कपाट उघडलं की तेच दिसतं. मला या खोलीत झोप येत नाही."

काकू "हो" म्हणाल्या. त्या मुलीने आयुष्यात आईकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन मोठ्या पिशव्या घेऊन मी आणि काकू रिक्षाने उल्हासनगरला निघालो. अंबरनाथ मागे पडेपर्यंत त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होत्या. "लच्छूशेठ, लग्न मोडलं. तुम्ही हे परत घ्याल का?" इतकंच वाक्य. समोरून बस आली की थांबायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

दुकानात शिरलो. शेठने आम्हाला बघितलं मात्र, आणि तो अख्खाच्या अख्खा उठला.

"आओ भाभी, आओ! कैसी हुई शादी? बेटी खुश है ना ससुराल में?" आणि आतल्या माणसाला ओरडून चहा सांगितला.

काकूंनी पिशव्या मागे सरकवल्या. मी म्हटलं, "शेठ, त्याचं असं आहे," तेवढ्यात काकूंनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. "छान झाली," त्या म्हणाल्या. "एक-दोन मानपानाच्या साड्या राहिल्यात. दाखवता का?"

चहा आला. आम्ही तो प्यालो. परत द्यायच्या पिशव्या पायाशी ठेवून काकूंनी आणखी दोन साड्या घेतल्या, आणि आम्ही जे नेलं होतं ते सगळं, वर त्या दोन, असं घेऊन खाली उतरलो.

रिक्षात मी त्यांना नको नको ते बोलले. काकू ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मोडलेल्या लग्नाचा बस्ता तो परत घेऊन करणार काय? फळीवर ठेवणार. उद्या कुणाची तरी पोर हौसेने तीच साडी खांद्यावर टाकणार. तिला सांगेल का तो? तिला न सांगता कसं चालेल?"

हे त्यांना दुकानात बसल्यावर सुचलं होतं की रिक्षात, मला आजही ठरवता येत नाही. संकोच लपवायला माणूस काहीही कारण काढतो. पण ते बोलताना त्यांचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता.

स्मिताने दारातच पिशव्या आणि वरच्या दोन नव्या साड्या बघितल्या. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली. "दोन आणखी आणल्यास?" एवढंच म्हणाली. त्याच वर्षी तिने पुण्याची नोकरी धरली.

सुरुवातीला दिवाळीला यायची, पण झोपायची बाहेरच्या खोलीत, सतरंजी टाकून. कपाटाच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. पुढे पुढे दिवाळीलाही काम निघायला लागलं. काकूंनी मग बस्ता वाटायला काढला. कुणाचं डोहाळजेवण, कुणाची मुलगी पास झाली, कुणाचं काहीच नाही, तरी साडी. एका हळदीकुंकवाला आम्ही सगळ्याच जणी त्या बस्त्यातल्या साड्या नेसून गोल बसलो होतो. हिराबाईलाही एक गेली. ती म्हणाली, "काकू, मी काय केलं तुमचं?" काकू म्हणाल्या, "तू फडकं टाकतेस ना."

शालू तेवढा राहिला. तो कुणाला देणार? दर पावसाळ्यानंतर काकू तो बाहेर काढायच्या, सावलीत पसरायच्या, आणि जरीचा धागा एकाच रेघेवर तुटू नये म्हणून घडी बदलून ठेवायच्या. "स्मिताचं लग्न काय, आज ना उद्या होईलच," म्हणायच्या. वर्षं गेली, काकूंच्या पायांना सूज येऊ लागली, जिना चढताना दोनदा थांबावं लागू लागलं, तरी घडी बदलणं चुकलं नाही. त्यांना दुसरं काही नको होतं. लेकीने एकदा घरी यावं आणि स्वतःच्या खोलीत झोपावं, बास.

गेल्या वर्षी स्मिताचा फोन आला. लग्न केलं म्हणाली. ऑफिसातलाच आहे, रजिस्टर केलं, कुणालाच बोलावलं नव्हतं. मग फोटो आला. काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. स्मिता साध्या सुती ड्रेसमध्ये, शेजारी टक्कल पडू लागलेला एक चष्मेवाला गृहस्थ.

"हसतोय, नाही? चांगला असेल," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी तिला म्हटलं, अगं, साडी होती ना घरात, निदान तेवढी नेसायचीस. तर म्हणाली, ती अजून तिथेच आहे, आई? आणि ठेवला फोन."

मला स्मिताचा इतका राग आला की मी उठून पाणी प्यायले. काकूंच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. त्या विचारात पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून माझ्या दारात. काखेत पिशवी. "मंगल, चल. कॅम्पात जाऊन येऊ. आता तिचं लग्न झालं. आता ही मोडलेल्या लग्नाची राहिली नाही. कुणाच्याही पोरीला दिली तरी चालेल."

मी वाद घातला नाही. रिक्षा बोलावली.

दुकान उघडलं होतं. लच्छूशेठ वाळून अर्धा झाला होता, पण बसला होता त्याच गादीवर. काकू रस्त्याच्या अलीकडे थांबल्या. "भवानी होऊ दे."

उभ्या राहिलो. गिऱ्हाईक काही येईना. हल्ली लोक मोबाइलवर साड्या घेतात, सकाळचं कोण येतंय? काकूंच्या पायांवरची सूज चपलेच्या पट्ट्यावरून ओघळायला लागली होती. रसवाल्याने बिचाऱ्याने स्टूल दिलं, तर त्यावर बसायच्या आधी काकूंनी रस सांगितला. रस संपला तरी दुकान रिकामंच.

शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. मी रस्ता ओलांडून गेले आणि शेठला म्हटलं, "एक फॉल द्या."

"कौन से कलर का?"

"कुठलाही द्या."

त्याने चमत्कारिक नजरेने बघितलं, फॉल दिला, नोट कपाळाला लावून गादीला टेकवली. मी बाहेर येऊन फॉलची पिशवी उंच धरून काकूंना दाखवली. आयुष्यभर "नुसतं बघतेय" म्हणणारी मी. काकू स्टुलावरून उठल्या.

गादीवर बसून त्यांनी पिशवीतला शालू काढून शेठपुढे ठेवला. "लच्छूशेठ, ही तुमच्याकडचीच. माझ्या मुलीचं लग्न झालं. तिला नको आहे. पैसे नकोत मला. तुम्ही फक्त परत ठेवा."

शेठच्या डोक्यामागच्या भिंतीवर पाटी होती, बिका हुआ माल वापस नहीं होगा. पहिल्यापासूनच होती. त्याने एकदा पाटीकडे बघितलं, एकदा काकूंकडे. मग शालू उलगडला. जरीचा काठ बोटांनी चाचपला. "भाभी, कितना संभाल के रखा. एक धागा नहीं टूटा."

मग तो घडी घालायला लागला, तर काकूंनी पुढे वाकून दुसरं टोक धरलं. दोघं म्हातारी माणसं, गादीच्या दोन बाजूंना, काठाला काठ जुळवत होती. घडी झाली. शेठ गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्याने शालू मागच्या फळीवर, बाकीच्या शालूंमध्ये सरकवून दिला. एका क्षणात तो कुठला ते ओळखू येईना.

"ऐसे खाली हाथ मत जाओ भाभी," त्याने एक ब्लाऊजपीस पुढे केला. "ये रखो. हमारी तरफ से. नहीं तो बदले में दुसरी कोई साडी देखो."

तो उठला होता. काकूंसाठी उठला होता आणि अजून उभाच होता. काकूंचा हात पुढे गेला. मला वाटलं, झालं. पण हात अर्ध्यावर थांबला आणि त्यांनी तो पदरात घेतला.

"नको," काकू म्हणाल्या. "आज काही नको."

पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता. खाली आल्यावर सोडला, आणि दोन्ही हातांकडे बघत राहिल्या, जणू ते कुठे ठेवायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या दुकानाच्या दारात ओढण्या टांगलेल्या होत्या. काकू थांबल्या. एक पिवळी ओढणी हाताने जराशी सरळ केली. आतला दुकानदार लगबगीने उठू लागला.

"बसा हो, बसा," काकू म्हणाल्या. "नुसतं बघतेय."

रिक्षात बसल्यावर त्यांनी मोबाइल काढला, माझ्याकडे दिला. "स्मिताला लिही. कपाट रिकामं झालं म्हणावं. खोली झाडून ठेवते म्हणावं." मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. अंबरनाथ मागे पडलं तरी मोबाइल त्यांच्या मांडीवर उताणा होता, उत्तर आलं तर लगेच दिसावं म्हणून. रिकामे हात त्याच्या दोन बाजूंना ठेवलेले.

"आता येईल ना गं?" त्यांनी विचारलं.

"येईल, काकू," मी म्हटलं. "का नाही येणार?"